चिमट्याची इटालियन

मिस्त्रींना कारखान्यात आणि गल्लीत पाठीमागे सगळे 'घुम्या' म्हणतात, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. त्यांची त्याला हरकत नव्हती. हरकत घ्यायची म्हणजे बोलावं लागलं असतं.

माणूस कामाला सोन्यासारखा. लोखंडी फाटकं, जिन्याचे कठडे आणि खिडक्यांची ग्रिलं करण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. त्यांनी केलेलं वेल्डिंग एकदा घासून घेतलं, की जोड कुठे आहे ते बोट फिरवूनही सापडायचं नाही. पण चारचौघांत बसवा, की तोंडात मिठाची गुळणी. बोलणाऱ्याची बोरं खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे त्यांची बायको वर्षातून दोन-चारदा तरी ऐकवायची. मिस्त्री मान डोलवायचे. गहू पडून राहिले तर राहिले.

यातली मेख अशी, की हात रिकामे असले तरच ते मुके. हातात हत्यार आलं की जीभ सुटायची. गिऱ्हाइकानं विचारावं, "फाटक कधी मिळेल?" तर मिस्त्री आधी खिसे चाचपायचे, टेप काढायचे, वीतभर पट्टी बाहेर ओढायचे आणि मग म्हणायचे, "गुरुवारी." टेप घरी राहिली असली, तर गिऱ्हाइकानं आपला अंदाज बांधावा. बायकोला हे कळलं ते लग्नानंतर. लग्नाआधी मिस्त्री तिच्या वडिलांच्या फाटकाची बिजागरी बसवायला आले होते. हातात हातोडी होती, आणि दोन तासांत इतकं छान बोलले, की ती भाळली. "हातोडी खाली ठेवली, ती ठेवलीच," असं ती सांगते आणि स्वतःच हसते. तिची तशी तक्रार नाही. घरात बोलायला ती एकटी पुरेशी आहे.

त्यांना लेक एकुलती एक. ती शिकायला परदेशी गेली आणि तिथल्याच एका इटालियन मुलाशी तिनं लग्न ठरवलं. लग्न व्याह्यांच्या गावी झालं. तीन दिवसांचा सोहळा, लांबच लांब टेबलं, आणि जो तो दोन्ही हातांनी बोलतोय. व्याहीबुवांचं चष्म्याचं दुकान. त्यांनी भरल्या टेबलासमोर भाषण केलं, डोळे पुसले, आणि येऊन मिस्त्रींना कडकडून मिठी मारली. मिस्त्री विजेच्या खांबासारखे उभे राहिले. हातात ना टेप, ना पक्कड. एक काटा होता, तोही वाढप्यानं तेवढ्यात उचलून नेला. तीन दिवसांत मिस्त्रींच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. लग्नाच्या फोटोत सत्तावीस माणसं खिदळताहेत आणि अठ्ठावीसावा असा उभा आहे, जसं काही त्याला पकडून आणलंय.

हे झालं तीन वर्षांपूर्वी. दर रविवारी लेकीचा फोन येई. मिस्त्री तो उचलत, "बरी आहेस ना? आईला देतो," म्हणत, आणि मग शेजारच्या खुर्चीवर बसून बायकोच्या अर्ध्या संभाषणावरून लेकीचं बाकी अर्धं जुळवत. ते त्यांना चांगलं जमायचं.

एका रविवारी मात्र लेक म्हणाली, "बाबा, फोन आईला देऊ नका. मामंजी येताहेत तिकडे, माझ्याबरोबर. तीन दिवस. सासूबाईंना विमानाची धास्ती, ह्यांना रजा नाही, म्हणून आम्ही दोघंच."

"बरं."

"ते का येताहेत माहितीये? तुमची समजूत काढायला."

मिस्त्रींनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"त्यांना वाटतं, लग्नात तुमचा काहीतरी अपमान झाला. तुम्ही रागावलात. तीन वर्षं तेच डोक्यात घेऊन बसलेत ते. जेवताना मध्येच विचारतात, आपलं काय चुकलं गं? मी काय सांगू? मलाच माहीत नाही. तुमचा राग होता का हो बाबा? माझ्या लग्नावर?"

मिस्त्रींचं तोंड उघडलं. राग? त्या तीन दिवसांत त्यांना जेवढा आनंद झाला होता, तेवढा उभ्या जन्मात झाला नव्हता. लेक त्या पांढऱ्या पायऱ्यांवरून उतरली, तेव्हा त्यांना वाटलं होतं की आता छाती फुटते. हे सगळं जिभेच्या मुळाशी येऊन बसलं आणि तिथेच बसून राहिलं.

"आईला देतो," मिस्त्री म्हणाले.

त्या रात्री त्यांना अन्न गोड लागलं नाही. आपण गप्प राहिलो तर फार तर लोक घुम्या म्हणतील, एवढाच त्यांचा हिशेब होता. आपल्या गप्प बसण्यानं लेकीच्या सासरी एक भला माणूस तीन वर्षं जेवताना घास थांबवून बसतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामावरून परत येताना ते थेट कोपऱ्यावरच्या जहाजी आचाऱ्याकडे गेले.

हा आचारी सतरा वर्षं बोटीवर होता. तिथला मुख्य स्वयंपाकी इटालियन, त्यामुळे याला ती भाषा येते, असं तो स्वतःच सांगत असे आणि खोडून काढणारं कुणी नव्हतं. मिस्त्रींनी त्याच्या ओट्यावरची सुरी उचलली आणि सगळी हकीकत सांगितली.

"माफी मागायची, समजूत काढायची, असलं काही मला येत नाही बाबा," आचारी म्हणाला. "बोटीवर कुणी कुणाची समजूत काढत नाही. मला येतं ते विस्तव, मीठ, मासे, कोंबडी. बास. आणि ती सुरी खाली ठेव, मला भीती वाटते."

मिस्त्रींनी सुरी खाली ठेवली नाही, कारण त्यांना अजून बोलायचं होतं. त्यांच्या डोक्यात एक बेत शिजत होता. व्याही इटलीचा माणूस. इटलीची माणसं म्हणजे खाणं. अशा माणसाला शेगडीपाशी उभं करायचं, आपणही शेजारी उभं राहायचं. शेगडीपाशी दोन माणसांना बोलायला लागतं काय? पेटव, थांब, उलट, मीठ घाल. तेवढं आपण त्याच्या भाषेत बोललो, की हा माणूस आपल्यावर रागावलेला नाही, हे त्याला आपोआप कळेल. रागावलेला माणूस दुसऱ्याची भाषा कशाला शिकेल?

"बेत चांगला आहे," आचारी म्हणाला. "उद्यापासून संध्याकाळी परसात बसू."

मिस्त्रींनी एक जुनं पिंप उभं चिरलं, त्याला पाय लावले, वर सळ्यांची जाळी बसवली. आयुष्यभर ग्रिलं केली ती खिडक्यांची; हे पहिलंच, ज्यावर काही भाजता येईल. मग हातभर लांबीचा चिमटा केला. पोलादी पट्टीचा, टोकांना दाते, मागे स्प्रिंग. दाबला की कट्‌-कट्‌ असा खणखणीत आवाज यायचा. बायको बघून म्हणाली, "कोंबडी भाजायचीये का मगर?"

दीड महिना शिकवणी चालली. कोंबडी रोज कोण आणणार? मिस्त्रींनी लाकडाचे ठोकळे कापले: जाड ते कोंबडीचे तुकडे, चपटे ते वांग्याचे काप, आणि पाइपाच्या चकत्या म्हणजे कांदे. शेगडी गार, ठोकळे गार. आचारी उलट्या बादलीवर बसून ओरडायचा आणि मिस्त्री चिमट्यानं ठोकळे फिरवत म्हणायचे. आच्चेंदी इल फुओको, विस्तव पेटव. आस्पेत्ता, थांब. मेत्ती इल साले, मीठ घाल. नोन तोक्कारे, हात लावू नकोस. प्यानो प्यानो, हळूहळू. ब्रूचा, जळतंय! मिस्त्रींनी ही सगळी वाक्यं कुंपणाच्या पत्र्यावर कारखान्यातल्या खडूनं लिहून ठेवली. 'जीरा' म्हणजे 'उलट' हे कळल्यावर ते दोन दिवस हसत होते, फोडणीवाचूनच जिरं. आणि 'बास्ता' म्हणजे तर आपलंच 'बास', नुसतं शेपूट लावलेलं.

बायको दोरीवर कपडे वाळत घालता घालता फुकटात शिकली. मिस्त्री चहासाठी घाई करायला लागले की ती आतून म्हणे, "आस्पेत्ता!"

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. एकदा आचारी त्यांना भाजीच्या दुकानात भेटला. म्हणाला, "मिस्त्री, 'चाखून बघ' कसं म्हणशील?" मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि शब्द सापडेना. बोटं तेवढी हवेत उघडमीट करत राहिली. "उजळणी कमी पडते," आचारी म्हणाला. मिस्त्रींनाही तसंच वाटलं. घरी येऊन चिमटा हातात घेतला तर 'आस्साज्जा!' गोळीसारखं सुटलं. म्हणजे येतंय, असं म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला. बायको जवळ असती तर तिनं खरं दुखणं तिथेच ओळखलं असतं.

शुक्रवारी दुपारी टॅक्सी दारात आली. व्याहीबुवा उतरले, बुटके, गोल, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, आणि दोन्ही हात पसरून सुरूच झाले. लेक भराभर मराठीत सांगत होती: तुम्हाला भेटून आनंद झाला, घर सुंदर आहे, फाटक तर फारच. मिस्त्रींनी पाठ करून ठेवलेली वीस-बावीस वाक्यं आठवायचा प्रयत्न केला. एकही येईना. रिकाम्या हातांचं काय करावं तेही कळेना; त्यांनी ते पाठीमागे नेले. व्याहीबुवांचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. लेकीनं बाबांकडे पाहिलं आणि पाहून दुसरीकडे बघायला लागली.

संध्याकाळच्या चहाला आणखी एक भर पडली. मिस्त्रींच्या चष्म्याची काडी वर्षापूर्वी मोडली होती आणि त्यांनी ती तांब्याच्या तारेनं सुरेख जोडली होती. व्याहीबुवांनी बोटानं विचारलं, बघू का? आणि उत्तराची वाट न बघता चष्मा काढून घेतला, खिशातून सुईएवढा स्क्रूड्रायव्हर काढला, तार उकलली, आणि दोन मिनिटांत काडी अशी बसवून दिली, की चष्मा नाकावर आहे हे कळेना. त्यांनी प्रेमानंच केलं. पण मिस्त्रींनी केलेला जोड आजवर कुणी उकलला नव्हता. ते कपात बघत राहिले, आणि व्याहीबुवांना वाटलं, झालं, आपण पुन्हा काहीतरी चुकलो.

"अहो, निदान हसा तरी," बायको स्वयंपाकघरात नेऊन दबक्या आवाजात म्हणाली.

"उद्या," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या हातात तेव्हा गाळणं होतं. "उद्या शेगडीपाशी बघ."

शनिवारी अकराला परसात सगळं मांडून झालं. कोंबडीचे तुकडे, वांगी, ढोबळी मिरच्या, कांदे. जहाजी आचारीही स्वतःहून हजर झाला. शिष्याची परीक्षा बघायला गुरू नको? व्याहीबुवा लेकीला काहीतरी सांगत कडेला उभे होते. मिस्त्रींनी चिमटा उचलला, कट्‌-कट्‌ वाजवला, आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्यानं गरजले:

"आच्चेंदी इल फुओको!"

व्याहीबुवांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी तिसरा इटालियन तर आला नाही ना. मग मिस्त्रींच्या चिमट्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते बघून मिस्त्रींच्या बायकोनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"सी, कापो!" व्याहीबुवा म्हणाले. म्हणजे, हो साहेब.

आणि काडेपेटी उलटी उघडली. सगळ्या काड्या गवतात.

गोळा करून दुसरी काडी ओढली, ती विझली. तिसरी कोळशापर्यंत न्यायच्या आत बोटाला चटका. आता मात्र मिस्त्रींना शंका आली. त्यांनी लेकीकडे बघत चिमटा वाजवला. "ह्यांना पेटवता येत नाही?"

"बाबा, मामंजींना स्वयंपाकातलं ओ की ठो येत नाही," लेक म्हणाली. तिला हसू आवरेना. "सासूबाई त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत. एकदा अंडं उकडायला गेले आणि पडदा पेटवला. चष्म्याचं दुकान आहे हो त्यांचं. कोण म्हणालं तुम्हाला ते स्वयंपाकी आहेत म्हणून?"

मिस्त्रींनी आचाऱ्याकडे बघितलं. आचारी आभाळाकडे बघायला लागला.

दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. मिस्त्री मात्र खुलले. कारण ज्याला येत नाही त्याला शिकवणं हे कारखान्यातलं त्यांचं वर्षानुवर्षांचं काम, आणि ते हत्यार हातात घेऊनच करायचं असतं. त्यांनी व्याहीबुवांना खांद्याला धरून शेगडीसमोर उभं केलं, एक लहान सांडशी त्यांच्या हातात दिली, आणि सुरू झाले. आस्पेत्ता! नोन तोक्कारे! मेत्ती इल साले! व्याहीबुवा दर हुकमाला "सी, कापो" म्हणत आणि नेमकं उलटं करत. मीठ मूठभर पडलं. "बास्ता! बास्ता!" वांगं एका बाजूनं काळंठिक्कर झालं. "ब्रूचा! ब्रूचा! जीरा, जीरा!" व्याहीबुवांच्या चष्म्यावर वाफ धरली, त्यांनी तो पुसायला काढला, आणि आंधळेपणानं मिरचीऐवजी स्वतःचा रुमाल उलटला.

"बाबा, अहो, तुम्ही त्यांना अरेतुरे करताय!" लेक धास्तावून म्हणाली.

"बोटीवर अहोजाहो नसतं," आचाऱ्यानं परस्पर उत्तर दिलं.

मध्येच धूर डोळ्यांत गेला आणि मिस्त्रींची इटालियन ऐन वेळी संपली. व्याहीबुवा अर्धकच्ची कोंबडी उचलायच्या बेतात. मिस्त्री ओरडले ते मराठीतच: "थांब! अजून दोन मिनिटं!"

व्याहीबुवा थबकले. त्यांना ते आवाज भारी आवडले. त्यांनी ते तोंडात घोळवले, "थांऽब. आजून दोन मिनितं," आणि मग जेवण होईपर्यंत त्यांनी कुणाला सोडलं नाही. मिस्त्रींची बायको दुसऱ्यांदा वाढायला आली, "थांऽब! आजून दोन मिनितं!" आचारी पाणी प्यायला उठला, "थांऽब!" कोंबडी बाहेरून करपली होती, आतून बरी होती, मीठ समुद्राएवढं. सगळ्यांनी चाटून-पुसून खाल्ली. मिस्त्रींच्या बायकोला आठवेना, ह्यांना इतकं बोलताना शेवटचं कधी ऐकलं. फाटकाच्या त्या बिजागरीनंतर बहुतेक आजच.

बेत इथंच संपता तर किती बरं झालं असतं.

पण ताटं उचलली गेली, आणि ताटांबरोबर चिमटाही धुवायला गेला. व्याहीबुवांनी रुमालाची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग लेकीला हळू आवाजात काही सांगितलं. लेकीचा चेहरा गंभीर झाला.

"बाबा, ते म्हणताहेत, आज तुम्ही त्यांना भावासारखं रागावलात, म्हणून विचारायचं धाडस करतो. लग्नात काय चुकलं होतं? तुम्ही सांगा, ते वाईट वाटून घेणार नाहीत."

मिस्त्रींचे हात टेबलावर होते, पालथे, रिकामे. त्यांनी काहीतरी चाचपलं. टेबलक्लॉथची कड हाताला आली. व्याहीबुवा पुढे झुकून वाट बघत होते, लेकही बघत होती, आणि तिचे डोळे भरत आले होते. मिस्त्री उठले, खुर्ची नीट आत सरकवली, आणि परसात निघून गेले.

मागे व्याहीबुवा जे म्हणाले, त्याचं लेकीनं भाषांतर केलं नाही. केलं असतं तर ते असं होतं: मी विचारायलाच नको होतं.

लेक मागोमाग आली. "एक शब्द, बाबा. एक शब्द बोलला असतात तरी चाललं असतं. मी काय तोंड दाखवू तिकडे?" असं म्हणून ती रडत आत गेली. मिस्त्री गार होत चाललेल्या शेगडीपाशी उभे राहिले. स्वतःचा इतका राग त्यांना कधीच आला नव्हता.

रविवारी उजाडता उजाडता लेकीच्या खिडकीखाली कट्‌-कट्‌ असा आवाज आला. तिनं खिडकी उघडली. खाली बाबा, हातात चिमटा.

"खाली ये. मला तीन वाक्यं पाहिजेत."

"आता कसली? स्वयंपाकाची?" ती अजून रागातच होती.

"नाही." कट्‌-कट्‌. "लिहून घे. लग्नात मी रागावलेलो नव्हतो. मला आनंद झाला होता. मला बोलता येत नव्हतं."

लेक खाली आली ती अनवाणीच. "मग मला का नाही सांगितलंत? तीन वर्षं, बाबा! दर रविवारी फोन करते मी!"

"फोनवर हातात फोन असतो," मिस्त्री म्हणाले. "फोन काही हत्यार नव्हे."

तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं, आणि लहानपणापासूनची सगळी कोडी एकदम सुटल्यासारखी ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. आईनं हे तिला कधी सांगितलं नव्हतं. आईला वाटायचं, हे सगळ्यांना दिसतंच. "मी आत्ता जाऊन सांगते मामंजींना," ती म्हणाली.

"नाही. गप्प मी बसलो. बोलायचंही मीच."

मग बापलेक गार शेगडीपुढे उभे राहिले. लेक सांगत गेली, मिस्त्री लाकडी ठोकळे उलटत म्हणत गेले. आल मात्रिमोनियो नोन एरो आर्राब्ब्यातो. हा 'आर्राब्ब्यातो' जिभेला फार जड. त्याला कोंबडीचा सगळ्यात जाड ठोकळा दिला. एरो कोंतेंतो. नोन सापेव्हो पार्लारे. दीड तासात तिन्ही वाक्यं पक्की झाली.

टॅक्सी बाराला आली. सामान मागे भरलं गेलं. व्याहीबुवांनी मिस्त्रींच्या बायकोचा निरोप घेतला आणि मिस्त्रींसमोर येऊन हात पुढे केला. मिठी नाही, नुसता हात. शिकलेला माणूस तो, पुन्हा चूक कशाला करेल. मिस्त्रींनी हात हातात घेतला. "आल," ते म्हणाले. मग थांबले. "आल..." व्याहीबुवा वाट बघत होते. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तीन वाक्यं, दीड तासाची मेहनत, सगळं आभाळात गेलं.

"चिमटा!" मिस्त्रींची बायको ओट्यावरून ओरडली. "अगं, बघत काय बसलीस? चिमटा दे त्यांना!"

लेक टॅक्सीत एक पाय ठेवून उभी होती ती तशीच धावली. घरातून, स्वयंपाकघरातून, परसात; पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला; आणि ती हातभर लांब चिमटा घेऊन आली. तिनं तो बाबांच्या मुठीत ठेवला आणि त्यांची बोटं वरून मिटली.

कट्‌-कट्‌.

"आल मात्रिमोनियो," मिस्त्री म्हणाले, "नोन एरो आर्राब्ब्यातो." कट्‌. "एरो कोंतेंतो." कट्‌. "नोन सापेव्हो पार्लारे."

रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. एक म्हातारा मिस्त्री दुसऱ्या म्हाताऱ्याच्या छातीवर चिमटा रोखून परदेशी भाषेत काहीतरी सांगतोय आणि समोरचा रडतोय, हे बघून कुणीही थांबलं असतं. व्याहीबुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी मिस्त्रींच्या हातातून चिमटा काढून घेतला, टॅक्सीकडे वळले, ड्रायव्हरच्या नाकासमोर तो दोनदा वाजवला आणि म्हणाले:

"थांऽब! आजून दोन मिनितं!"

आणि मिठी मारली. मिस्त्रींचे हात पुन्हा रिकामे होते. ते क्षणभर तसेच लोंबत राहिले, आणि मग वर आले, आणि त्यांनी व्याहीबुवांना इतकं घट्ट धरलं, की खिशातला तो सुईएवढा स्क्रूड्रायव्हर वाकला. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. ड्रायव्हर शहाणा होता, त्यानं इंजिन बंद केलं.

चिमटा व्याहीबुवा घेऊनच गेले. मिस्त्रींनी आपल्यासाठी दुसरा केला, कारण आता दर रविवारी फोनवर आधी तिकडून कट्‌-कट्‌ ऐकू येतं, आणि इकडून उत्तर द्यावं लागतं. व्याहीबुवांनी परवा म्हणे स्वतःच्या हातानं वांगं भाजलं आणि पडदा शाबूत आहे. मग ते फोन सुनेकडे देतात. ती म्हणते, "बाबा, आई आहे का जवळ?" मिस्त्री म्हणतात, "आहे, पण थांब जरा," आणि चिमटा खुर्चीखाली ठेवून तिच्याशी बोलायला लागतात.